गाण्यातली बाई आणि आपली कात्री

गेल्या वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या वस्तीतल्या किशोरी गटाचा कार्यक्रम होता. मुलींनी मोबाइलवर पाहून पाहून एका गाण्यावर नाच बसवला होता. तालमीला मी गेले आणि मला कसंतरीच झालं. कंबर, छाती, डोळा मारणं, सगळं जसंच्या तसं. नाच बसवणारी मुलगी चौदा वर्षांची. तिला मी म्हटलं, "हे नको गं, बरं दिसत नाही. दुसरं काहीतरी बसवा."

ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात गटात आलीच नाही. घरी गेले तर मोठा भाऊ दारात उभा. "ताई, तुम्हीच म्हणालात ना, बरं दिसत नाही? मग आता नाच नाही, मोबाइल नाही आणि गटबिट पण नाही." आई आत भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.

मैत्रिणींनो, समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन, दहाएक वर्षं वस्तीत काम करून, मी त्या भावाच्या हातात नेमकी काय वस्तू दिली होती? माझं वाक्य आणि त्याचं वाक्य यांत एका शब्दाचाही फरक नव्हता. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

२००२ साली मी शाळेत होते. त्या वर्षी 'कांटा लगा'चं रीमिक्स आलं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातलं, लताबाईंनी गायलेलं. आमच्याकडे केबल नव्हती, शेजारच्या काकूंकडे होती. तो व्हिडिओ लागला की आजी उठून टीव्ही बंद करायची. शाळेने गॅदरिंगमध्ये रीमिक्सवर बंदी घातली, तीही फक्त मुलींच्या नाचावर. गणपतीच्या मिरवणुकीत त्याच गाण्यावर आमच्या गल्लीतले मुलगे बेभान नाचले, त्यांना कोणी हटकलं नाही. बिघडणार होत्या त्या मुली, आणि सांभाळायच्या होत्या त्याही मुलीच!

असे व्हिडिओ त्या काळात एवढे का निघाले, ह्यामागे पैशाचा साधा हिशोब होता. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की, सूचना देऊन आणि मानधन भरून, तेच गाणं दुसऱ्या आवाजात पुन्हा मुद्रित करता येत होतं. (२०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं झाली आणि अटीही कडक झाल्या.) म्हणजे चाल तयार, शब्द तयार, लोकांच्या ओठांवर गाणंही तयार. नवं विकायचं ते काय? चित्र. आणि चित्रात सर्वांत स्वस्तात मिळणारं भांडवल म्हणजे तरुण मुलीचं शरीर. कंपनीची तिजोरी भरली, वाहिनीला जाहिराती मिळाल्या. "निर्लज्ज" ही पदवी मात्र पडद्यावरच्या मुलीच्या वाट्याला आली.

आपण चळवळीतल्या बायका ह्याला 'स्त्रीचं वस्तूकरण' म्हणतो. शब्द बरोबर आहे, पण वापरून वापरून तो गुळगुळीत झाला आहे. वस्तीत बोलताना बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'कमी कपडे' एवढाच उरतो. कपडे मोजायला लागलो की आपण आणि संस्कृतिरक्षक एकाच रांगेत जाऊन बसतो. मग पाहायचं काय? ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही हिने १९७५ मध्ये चित्रपटांबद्दल एक मुद्दा मांडला होता: पडद्यावर पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाणारी बाई असते, कॅमेरासुद्धा पुरुषाच्याच डोळ्याने पाहतो. म्हणून विचारायचं ते हे, की पाहतंय कोण? निवडतंय कोण? बाईला चेहरा आहे की नुसतीच कंबर? तिला काही हवं आहे, की ती फक्त कोणाला तरी हवी आहे?

हे प्रश्न लावले की सगळे व्हिडिओ एका मापाचे राहत नाहीत. १९९५ च्या 'मेड इन इंडिया'मध्ये गाणारी अलिशा चिनॉय स्वतः राणी आहे. तिच्यापुढे उमेदवार येतात, ती त्यांना नाकारते आणि शेवटी पेटीतून मिलिंद सोमण निघतो. बाजारूच गाणं, राणी-राजवाड्याचंच स्वप्न. पण पारखण्याची नजर बाईची होती, हे तेव्हाच्या मुलींच्या बरोबर लक्षात राहिलं. २००० साली 'ब्रेकथ्रू' ह्या संस्थेने 'मन के मंजीरे' काढलं. आवाज शुभा मुद्गल यांचा, पडद्यावर मीता वशिष्ठ. मारहाणीचा संसार सोडून ट्रक चालवणारी बाई त्यात आहे आणि तीही मोकळेपणी हसते, नाचते. तिचं शरीर लपवलेलं नाही, पण ते तिचं आहे. फरक नेमका इथे आहे.

मग बंदी, कायदा, तक्रार ह्यांचं काय? स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ चा. तो मुख्यतः जाहिराती आणि छापील मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेला. इलेक्ट्रॉनिक माध्यमांपर्यंत तो वाढवण्याचं विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि २०२१ मध्ये मागे घेतलं गेलं. पण माझी शंका वेगळीच आहे. अश्लीलतेच्या नावाने कात्री चालते तेव्हा ती कोणाला लागते?

आपल्याच राज्यात हे घडलं आहे. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारमधल्या नाचावर बंदी आणली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना त्यातून सूट होती. म्हणजे नाच तोच, गाणी तीच, फक्त पाहणाऱ्याच्या खिशात किती आहे त्यावर त्याची अश्लीलता ठरली! ज्या व्हिडिओंमधले ठेके ह्या बायका धरत होत्या, ते घराघरात दिवसभर चालूच राहिले. हजारो बायकांची रोजी गेली. त्यांत परंपरेने नाचगाण्यावर जगलेल्या जातींमधल्या कितीतरी होत्या, घरात एकट्या कमावणाऱ्या कितीतरी होत्या. एस.एन.डी.टी.चं स्त्री-अभ्यास केंद्र आणि मुंबईतल्या स्त्री-संघटना यांनी तेव्हा त्यांच्यात जाऊन पाहणी केली, ती ह्याच कारणाने. त्या वेळी आपल्या चळवळीतही दोन तट पडले होते, हे विसरून चालणार नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. पण मधल्या वर्षांत ज्यांची घरं मोडली, त्यांची भरपाई कोणत्या निकालाने होणार?

आता तर प्रत्येक हातात पडदा आहे. खेड्यातली मुलगी स्वतःचा व्हिडिओ स्वतः काढते, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण कॅमेरा हातात आला म्हणून नजर आपली होतेच असं नाही. ठरावीक हावभाव केले तरच लोक बघतात, हे तिलाही कळतं. आणि नजरेची जबरदस्ती किती टोकाला जाते, हे २०२३ मध्ये दिसलं. महाराष्ट्रात गाजणाऱ्या एका नृत्यांगनेचं कपडे बदलतानाचं चित्रण चोरून काढून पसरवलं गेलं. तिच्या हावभावांवर महिनोन् महिने प्रवचनं झाली होती. चोरून पाहणाऱ्या हजारोंच्या हावभावांवर तेवढी चर्चा कुठे झाली?

त्या मुलीच्या घरी मी पुन्हा गेले. भाऊ समोर असताना आईला म्हटलं, "वहिनी, चूक माझी झाली. पोरगी चांगलं बसवत होती. मी तिच्याशी बोलायला हवं होतं, तिला गप्प करायला नको होतं." भावाला ते पटलं नाही. पण आता तो कामावर गेला की आई तिला गटात पाठवते. उशिरा येते, लवकर जाते.

मग आम्ही गटात तोच व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला. चेहरा किती वेळा, कंबर किती वेळा, मुलींनी वहीत खुणा केल्या. एक म्हणाली, "ताई, मागे नाचणाऱ्या बायकांना तोंडंच नाहीत." दुसरी म्हणाली, "पुरुष सगळे कोट घालून बसलेत. थंडी काय त्यांनाच वाजते?" सगळ्या हसल्या. भाषणाने जे झालं नसतं ते त्या हसण्याने झालं. नाच बसवणारी मात्र म्हणाली, "पण ताई, मला नाचायला आवडतं." मी म्हटलं, "मग नाच. कोणासाठी नाचायचं, ते तू ठरव." त्यांनी आता त्याच ठेक्यावर स्वतःचे शब्द बसवायला घेतले आहेत.

ही वाट आपल्याला नवी नाही. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेच्या 'मुलगी झाली हो'ने गाणी आणि नाच घेऊनच गावोगावी बायकांना बोलतं केलं होतं. आपल्या शिबिरांत गाणी नसती तर किती जणी टिकल्या असत्या?

तेव्हा निषेधाचं पत्रक जरूर काढू या, पण ते गाणं विकणाऱ्या कंपनीच्या नावाने काढू, नाचणाऱ्या मुलीच्या नावाने नको. आणि "बरं दिसत नाही" हे शब्द तोंडात आले की क्षणभर थांबून विचारू या, हे मी बोलते आहे, की माझ्या तोंडून कोणाचा तरी भाऊ बोलतो आहे? तुमच्या गटात असा प्रसंग आला असेल, तुमचं माझ्याशी पटत नसेल, तरी जरूर लिहा. हा वाद आपण आपसात मोकळेपणी घालायला हवा.