आधी थकलेले देयक, मग प्रशिक्षण

संपादक महाशय,



आपल्या गेल्या रविवारच्या अंकातील लघुउद्योगांविषयीच्या लेखात, ग्रामीण स्त्रियांच्या बचत गटांचा माल बाजारात न टिकण्याचे एकमेव कारण म्हणून त्यांच्या व्यवस्थापनशास्त्राच्या अज्ञानाकडे बोट दाखविले असून, ‘ब्रँड’ कसा उभारावा याचे रीतसर शिक्षण घेतल्यावाचून कोणासही भांडवल देऊ नये, अशी शिफारस केली आहे. आमच्या गावातील एका गटाचा जमाखर्च मी लिहितो, आणि याच आठवड्यात त्या गटाचा कर्जाचा अर्ज, अशाच एका प्रशिक्षणाचा दाखला जोडलेला नाही एवढ्याच सबबीवर परत आला आहे. तेव्हा त्या शिफारशीचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु उद्योजकांच्या मेळाव्यांतून तिचे जे गुणगान होते, त्यात एक गोष्ट सदैव सुटते, ती ही की ‘लिज्जत’ हे नाव त्या पापडास १९६२ साली मिळाले. तीन वर्षे माल विकला गेला, गिऱ्हाईक बांधले गेले, त्यानंतर नाव ठरले, आणि तेही स्पर्धा लावून, पाच रुपयांच्या बक्षिसावर. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले, तेव्हा पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी आणली, आणि खाटेवर पापड पसरून खाली शेगडी पेटविली. ही तजवीज त्यांना कोणा अध्यापकाने नव्हे, गरजेने शिकविली. प्रारंभी हलक्या प्रतीचा पापड निराळा काढून कमी दराने विकला जाई, तेव्हा प्रतीत तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा, असे त्यांना छगनलाल करमसी पारेख यांनी निक्षून सांगितले. हेही प्रशिक्षणच नव्हे काय, असे कोणी विचारील. निश्चित होते, परंतु गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद असलेल्या या गृहस्थांनी आधी ८० रुपये दिले आणि उपदेश नंतर केला, ८० रुपयांसाठी दाखला मागितला नाही. आज ‘लिज्जत’च्या संस्थेत हजारो भगिनी काम करतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर आमच्या सांगली जिल्ह्यातीलच. चित्रकला शिकण्यास मुंबईस गेलेला आणि पुढे बेळगावात सायकलींचे दुकान चालविणारा हा मनुष्य लोखंडी नांगर घडवून बसला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. त्यांना १९१० साली कारखान्यासाठी जमीन देणाऱ्या औंधच्या अधिपतींनी व्यापारशास्त्राची पदवी नव्हे, मनुष्य पाहिला.

आता आमच्या गटाची स्थिती ऐकावी. शेवया, कुरडया आणि लोणची यांच्या प्रतीविषयी तक्रार नाही, मागणीही आहे, आणि तरीही गहू व तेल आणण्यास हाती रोकड नाही. कारण शहरातील ज्या मोठ्या दुकानदाराने माल उचलला, त्याने चार महिने लोटले तरी देयक चुकते केलेले नाही. गटाची उद्यम नोंदणी रीतसर झालेली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ याच्या कलम १५ अन्वये, करारात काहीही लिहिलेले असो, ४५ दिवसांपलीकडे अशा उत्पादकाचे पैसे अडवून ठेवण्याची मुभा कोणाही खरेदीदारास नाही, आणि विलंब झाल्यास कलम १६ अन्वये बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने, व्याज देय होते. कायदा इतका निःसंदिग्ध असता त्याची अंमलबजावणी मात्र सर्वस्वी दुर्बळ पक्षाच्या तक्रारीवर सोपविली आहे. आणि तक्रार करावी तर एकुलते एक मोठे गिऱ्हाईक तुटते, हे ज्या बाईस चूल पेटवायची आहे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नसते. ४५ दिवसांत पैसे हाती आले असते तर आमच्या गटाला कर्जाचा अर्जच करावा लागला नसता. ज्यांचे पैसे शहरात अडकले आहेत, त्यांनाच फी भरून दोन दिवसांच्या शिबिरात बसवावयाचे, वेष्टनाचा रंग आणि बोधचिन्ह यांवर व्याख्याने ऐकवावयाची, आणि तेथील कागद आणल्याखेरीज कर्जाची मंजुरी रोखावयाची, हा अन्याय आहे, आणि आपल्या लेखकाने त्यालाच धोरणाचे रूप द्यावे याचे मला अतीव दुःख होते.

शिक्षणाचा मी वैरी नाही. ज्यास शिकावयाचे आहे त्याने अवश्य शिकावे. परंतु दाखल्याची अट कर्जाच्या अर्जातून तत्काळ वगळावी, आणि जिल्ह्यातील बचत गटांची किती देयके ४५ दिवसांपलीकडे थकली आहेत व कोणाकडे, याची यादी जिल्हा उद्योग केंद्राने स्वतः होऊन तयार करून प्रसिद्ध करावी. ती यादी मागण्यासाठी आपण आपला वार्ताहर त्या कचेरीत धाडावा, अशी माझी आपणास विनंती आहे.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)