शिकाले पाठवलं, फिराले नाही

मागच्या रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जणी फुटाळ्याच्या काठावर बसलो होतो. हातात भाजलेले भुट्टे, समोर पाणी, मागे गाड्यांचे हॉर्न. एकीने फोटो काढला. चांगला आला. स्टेटसला टाकावा म्हणून मी मोबाईल उघडला आणि सवयीने आधी हाइडची यादी काढली. माय, बाबा, दोन्ही काका, आत्या, मामेभाऊ, शाळेतले दोन सर, गावातल्या ग्रुपवरचे बाकीचे. एकूण एकोणचाळीस जण. बाजूला बसलेली मैत्रीण गोंदियाकडची. तीही तेच करत होती, आणि तिची यादी माझ्यापेक्षा लांब होती.

आम्ही भुट्टा खात होतो. तेवढंच. आणि तेही लपवत होतो.

मी नाकाडोंगरीची. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, मध्य प्रदेशची हद्द जवळ. शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगेनीजची खाण, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या. नागपूरला बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या तीन वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फोनवर समोरून सुरू झालं की मीच पूर्ण करते: "शिकाले पाठवलं तुले, फिराले नाही."

हे वाक्य चुकीचं आहे. नुसतं जुनाट किंवा कडक नाही, हिशेबातच चुकीचं आहे. कसं ते सांगते.

तुमसरला कॉलेज आहे. भंडाऱ्याला आहे. ही कॉलेजं ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याच विद्यापीठाशी माझंही कॉलेज जोडलेलं आहे. भंडारा, गोंदिया, वर्धा आणि नागपूर, या चारही जिल्ह्यांचं ते एकच विद्यापीठ, १९२३ मध्ये सुरू झालेलं. मी बीएला जो अभ्यासक्रम शिकते तोच तुमसरची पोरगी शिकते. पदवीवर नावही त्याच विद्यापीठाचं. मग बाबांनी खोलीचं भाडं, मेसचे पैसे, जाण्यायेण्याचा खर्च अंगावर घेऊन मला नागपूरला का पाठवलं? पुस्तक तर तिथेही तेच होतं.

विचारलं तर बाबा स्वतःच सांगतात. "तिथं चार लोकं भेटतात. बोलनं-चालनं येते. मानूस हुशार होते." बरोबर. पण ही चार लोकं सोमवार ते शुक्रवार लेक्चरच्या बाकावर भेटत नाहीत. तिथे हजेरी होते. लोकं भेटतात शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मला शहरात पाठवलं, ती जेव्हा मिळते त्याच दोन दिवसांवर बंदी.

पहिल्या वर्षी मी ही बंदी पाळली. दर शनिवारी लेक्चर आटोपलं की बस, तुमसरला गाडी बदलायची, मग घर. वाट पाहण्यासकट चार तास. रविवारी दुपारी परत तेवढेच. एका रात्रीसाठी आठ तास बसमध्ये. महिलांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, घरचे म्हणतात, "आता तं तिकीटबी अर्धंच लागते, येत जा." सवलत मला दूर जाता यावं म्हणून मिळाली होती. घरी तिचा उपयोग मला परत बोलावण्यासाठी झाला.

त्या वर्षाच्या शेवटी मला नागपूर किती माहीत होतं? बसस्टँड, कॉलेज, खोली आणि झेरॉक्सचं दुकान. वर्गात मी कुणाच्याच ग्रुपमध्ये नव्हते, कारण ग्रुप वर्गात बनतच नाहीत. ते रविवारी बर्डीला रस्त्यावरचे कानातले बघताना बनतात, कुणाच्या तरी घरी जेवताना बनतात. सोमवारी वर्गात ज्या गोष्टीवर सगळे हसायचे, ती रविवारी झालेली असायची आणि मी रविवारी बसमध्ये असायची. परीक्षेच्या नोट्स, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म, सुट्टीतलं काम, कुठल्या सरांकडे कसं बोलायचं, हे सगळं त्याच ग्रुपमधून फिरतं. कॉलेजच्या नोटीस बोर्डवर ते लागत नाही.

दुसऱ्या वर्षी मी दर शनिवारी जाणं बंद केलं. महिन्यातून एकदा ठेवलं. मग काय केलं शहरात? दीक्षाभूमीवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख शाळेत पाठ केली होती, पण ती जागा किती मोठी आहे आणि तिथे लोक किती शांत बसतात, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. अजब बंगला पाहिला. १८६३ साली सुरू झालेलं संग्रहालय, आणि माझ्या वर्गातल्या नागपूरच्याच निम्म्या मुली तिथे शाळेच्या सहलीनंतर गेल्या नव्हत्या. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या एका कार्यक्रमात मागच्या खुर्चीवर बसले. भाषणानंतर एका मुलीने उठून वक्त्याला सरळ सांगितलं की तुमचं पटलं नाही. सभेत मोठ्या माणसाला असं म्हणता येतं, आणि आकाश कोसळत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्या वर्षी व्हायव्हाला मी बोलू शकले ते त्या खुर्चीमुळे. या सगळ्याला मिळून जेवढा खर्च आला, त्यापेक्षा माझं एका महिन्याचं गावाला जाणं-येणं महाग होतं.

आता घरचे म्हणतील, सुट्टी म्हणजे श्रीमंतांचे चोचले. इथे एक माणूस आठवायला हवा. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत होते आणि आठवड्याला एक हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० ला रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांचा म्हणून जो मुद्दा सांगितला जातो तो मला फार महत्त्वाचा वाटतो: सहा दिवस माणूस पोटासाठी राबतो, सातवा दिवस त्याला समाजासाठी मिळाला पाहिजे. म्हणजे रविवार नुसता झोपायला मागितला नव्हता. चार लोकांत जायला, बसायला, बोलायला मागितला होता. तो राबणाऱ्यांनी मागितला. आज राबणाऱ्यांच्याच घरात तो चोचला ठरलाय.

यावर माझ्या मायजवळ एक उत्तर आहे, आणि त्याच्यासमोर मी अनेकदा गप्प झालेय. ती म्हणते, "मले कुठं हाय रविवार?" खरंच नाही. आमच्या भागात आठवडा बाजाराच्या दिवसावर मोजतात, आणि रोवणीच्या दिवसांत तोही मोजत नाहीत. चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला मी फुटाळ्याचा फोटो कोणत्या तोंडाने दाखवू? म्हणूनच हाइड. पण गेल्या पावसाळ्यात रोवणीला गेले तेव्हा बांधीत उभी राहून मी हाच विचार केला. माझा रविवार सोडल्याने मायला एकही रविवार मिळालेला नाही. रोवणीला मी जाते आणि जाईन, कारण तेव्हा दोन हात खरोखर कमी असतात. बाकीचे शनिवार मला कामाला बोलावत नाहीत. मी कुठे आहे ते कळावं म्हणून बोलावतात.

पुरावा पाहिजे? माझा मामेभाऊ पुण्यात शिकतो. दर रविवारी सिंहगड, नाहीतर लोणावळा. त्याचं स्टेटस कुणापासून लपलेलं नसतं. आत्या त्यावर लाल बदाम पाठवते. "पोरगं जग पाहून रायलं." मी पाहिलं की मी फिरत असते.

वसतिगृहंही घरासारखीच वागतात. मी दीड वर्ष ज्या वसतिगृहात होते, तिथे रविवारी संध्याकाळी सातला फाटक बंद. मुलांच्या इमारतीचं फाटक साडेदहाला. कारण विचारलं तर सुरक्षा. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहातल्या मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. हा नियम मी मोबाईलवर दाखवला तेव्हा बाईंनी विचारलं, "तुझ्या वडिलांना फोन लावू का?" त्या एका प्रश्नाने विषय संपला, कारण वडिलांचं उत्तर काय असेल ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सरकारी कागदावरही आमचा रविवार नाही. माझ्या रूममेटला स्वाधार योजनेचे पैसे मिळतात. नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. योजना चांगली आहे, तिच्यामुळेच ती शिकतेय. पण निर्वाहाचे महिन्याला सहाशे सहासष्ट रुपये होतात, आणि त्यात वही, पेन, साबण, पॅड, मोबाईलचा रिचार्ज सगळं आलं. योजना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोरची विद्यार्थिनी जेवते, झोपते आणि अभ्यास करते. ती कधी कुठे जात असेल, असं त्यांच्या मनात आलेलं दिसत नाही.

घरच्यांशी भांडले, आता तुमच्याशीही भांडते, नागपूरच्या मित्रमैत्रिणींनो. तुमचा वीकेंड मला झेपत नाही आणि तुम्हाला ते दिसत नाही. "चल ना यार, धरमपेठेत नवीन कॅफे उघडलाय." दोनशे वीस रुपयांची कोल्ड कॉफी म्हणजे माझं दोन दिवसांचं मेसचं जेवण. मी पोट बरं नाही म्हणून फक्त पाणी प्यायले आणि शेवटी बिल सगळ्यांत सारखं वाटलं गेलं. पुढच्या वेळी मी आलेच नाही, तर तुम्ही म्हणालात, ही मिसळतच नाही. बसायला दर वेळी काहीतरी विकत घ्यावं लागणारी जागा का लागते? अंबाझरीचा काठ आहे, महाराज बाग आहे, तर्री पोह्याची गाडी आहे. शहर तुमचं आहे, तर त्याच्या स्वस्तातल्या जागा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असायला हव्यात.

रविवारचं गोडवे गाणंही मला जमणार नाही. माझे कितीतरी रविवार पलंगावर रील्स बघण्यात गेलेत. ते वाया गेले, मान्य. पण गावी जाऊनही मी तेच केलं असतं, आणि नेटवर्क शोधायला गच्चीवर बसावं लागलं असतं ते वेगळं.

तर मला हवंय ते एवढंच. कॉलेजांनी आणि वसतिगृहांनी वाचनालय आणि सभागृह रविवारी उघडं ठेवावं. मुलींचं आणि मुलांचं फाटक एकाच वेळी बंद करावं. शहरातल्यांनी कुठे भेटायचं ते ठरवताना सगळ्यांत कमी पैसेवाल्याला विचारावं. घरच्यांनी पोरीला मामेभावाच्या मापाने मोजावं. आणि आम्ही लपवणं बंद करावं, कारण लपवलं की आम्हीच कबूल करतो की काहीतरी चुकीचं केलंय.

शेवटचं माझ्याकडे होतं, म्हणून करून पाहिलं. फुटाळ्याच्या त्या फोटोवर मी मायचं नाव यादीतून काढलं. बाकीचे अडतीस तसेच ठेवले, एवढी हिंमत अजून नाही. रात्री तिचा फोन आला. मी तयारीतच होते, सगळे मुद्दे जमवून.

तिने विचारलं, "भुट्टा केवढ्याचा होता?"

"तीस रुपये."

"तीस! इथं बांधावर फुकट हाय." मग थोडा वेळ काही बोलली नाही. "पानी लय मोठं दिसते. आमाले दाखवजो कधी."

मी म्हटलं, ये. पण रविवारी ये.