भाडं घराच्या उंबऱ्यापासून मोजा

आमच्या गल्लीतल्या काकूंना बंगळूरला जायचंय. लेकीचं बाळंतपण आहे. बरोबर काका, धाकटा मुलगा आणि सून. मागे या सदरात देवगिरी एक्सप्रेसच्या वेटिंगबद्दल लिहिलं, तेव्हापासून गल्लीतली तिकिटांची कामं माझ्याकडे येतात आणि मी ती आवडीनं करतो. या आठवड्यात मात्र डोकं तापलं.

मोबाइलवर एकाचं भाडं पाहिलं, बरं वाटलं. चौघांचं टाकलं तर माणशी भाडंच चढलं. काका म्हणाले, "चार नग एकदम घेतले तर भाव उतरायला पाहिजे. मोंढ्यात तरी तसंच असतं."

विमानात तसं नसतं. जागा सारख्याच, पण कंपनी त्यांचे भावाप्रमाणे गट पाडते. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचा भाव लागतो. म्हणून आधी एकाचं, मग दोघांचं, मग चौघांचं भाडं बघावं. फरक दिसला तर तिकिटं दोनदा काढावीत. पैसे भरण्याआधीचं शेवटचं पानही सावकाश वाचा. विमा, जेवण, देणगी असं न मागितलेलं काही बिलात चिकटलं असेल तर काढून टाका. ग्राहकाला न विचारता असं काही गळ्यात मारायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्येच मनाई केली आहे.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपलं परतूर दोन विमानतळांच्या मध्ये आहे. एकीकडे चिकलठाणा, दुसरीकडे नांदेड. उडान योजनेतली अगदी पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. तासाभराच्या प्रवासाला, निम्म्या जागांपुरतं का होईना, २,५०० रुपये भाडं. केवढं अप्रूप वाटलं होतं! पुढे ते विमान चालवणारी कंपनीच बंद पडली आणि नांदेडची सेवा पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं. आपल्याकडे एखाद्या मार्गावर दिवसाला एखादंच विमान. दुसरं कुणी स्पर्धेला नाही, मग भाडं उतरणार कसं?

त्यावर सगळे एकच सल्ला देतात, हैदराबादहून जा, मुंबईहून जा, स्वस्त पडतं. पडतं ना! पण हैदराबादचं ते भाडं शमशाबादच्या विमानतळापासूनचं असतं. परतूर स्टेशनवर पोचायचं, देवगिरीनं सिकंदराबाद गाठायचं, तिथून शहर ओलांडून विमानतळ. आणि स्वस्त विमान पहाटेचं असेल तर रात्र कुठे काढायची? काकूंचे गुडघे दुखतात. चार माणसांचा जाण्याचा, खाण्याचा, राहण्याचा खर्च मांडला तेव्हा वाचलेले पैसे वाटेतच संपत होते. तिकीट चिकलठाण्याहूनच काढलं. महाग पडलं, पण घरापासून धरलं तर तेच परवडलं.

सरकारला भाडं आवरता येत नाही असंही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, भाडी कुठल्या कुठे गेली, तेव्हा सरकारनं कमाल मर्यादा घातलीच: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, त्यापुढे १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००. मग दिवाळीत आणि मे महिन्यात, शिकायला-कमवायला बाहेर गेलेली आपली पोरं घरी येतात तेव्हा, ती मर्यादा का नको? ती मागणी आपल्या खासदारांनी लावून धरली पाहिजे.

तिकीट झालं आणि काकूंनी बॅग समोर आणली. देशातल्या बहुतेक विमानांत माणशी १५ किलो खाली आणि ७ किलो हातात. जादा वजनाचे पैसे विमानतळावर फार लागतात, म्हणून बॅग मोंढ्यातल्या आडतीच्या काट्यावर नेली. एरवी सोयाबीनची पोती चढतात तिथे. बॅग १९ किलो भरली. उघडली तर डिंक, खारीक, गोडंबी, आळीव, घरचा काळा मसाला आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या.

खोबरं चालत नाही म्हटल्यावर काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. पण ते खरं आहे. सुकं खोबरं तेलकट, कोंदट जागी आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे. तपासणीत बॅग उघडायला लावतात आणि बाळंतिणीचं खोबरं तिथेच काढून ठेवावं लागतं. हे तिकिटावर मराठीत ठळक छापायला काय हरकत आहे? मराठवाड्यातली कुठली आई लेकीकडे खोबऱ्याशिवाय निघते?

आता लाडू इथेच वळायचे ठरलेत. खोबरं किसून, भाजून त्यातच जाईल. बॅग मात्र परत काट्यावर न्यावी लागणार. तुपातले लाडू जड भरतात, आणि काकू आळिवाचे वेगळे करणार आहेत.