घटनादुरुस्ती आणि मतदारांचा कौल

भागीदारीच्या पेढीचा करारनामा बदलावयाचा तर सर्व भागीदारांच्या सह्या लागतात, हें रविवार कारंजावरील लहानांत लहान व्यापाऱ्यासहि ठाऊक आहे. मुनीम कितीहि विश्वासू असो, त्यानें परस्पर कलमें खोडलेलीं मालक खपवून घेणार नाहीं. राज्यघटना हा राष्ट्राचा असाच करारनामा होय, आणि प्रजासत्ताकांत मालक तो मतदार.

असें असतां घटना बदलतांना त्याची सही कोठें घेतली जाते? ३६८ व्या कलमान्वयें संसदेच्या उभय सभागृहांत एकूण सभासदांचें बहुमत आणि हजर राहून मत देणारांपैकीं दोनतृतीयांशांचें अनुमोदन मिळालें म्हणजे बहुतेक दुरुस्त्यांचें काम भागतें. कांहींस निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमति लागते. २०२३ अखेर अशा १०६ दुरुस्त्या झाल्या. एकहि मतदारांपुढें मांडली गेली नाहीं. ऑस्ट्रेलियांत संसदेनें मंजूर केलेली दुरुस्ती लोकांच्या मतास टाकावी लागते. तेथें १९०१ पासून २०२३ पर्यंत मतास टाकलेल्या ४५ दुरुस्त्यांपैकीं अवघ्या ८ लोकांनीं पत्करल्या. मालक जागा असल्याचेंच हें लक्षण.

आमचा मतदार अजाण, त्याला हे बारकावे काय कळणार, असा आक्षेप घेण्यांत येतो. त्यास गोमंतकानें उत्तर देऊन ठेविलें आहे. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजीं तेथील जनतेस विचारला गेला. विलीनीकरणाचें चिन्ह फूल, विरुद्ध पक्षाचें दोन पानें. फुलास १,३८,१७० मतें पडलीं, पानांस १,७२,१९१. हा कौल महाराष्ट्रांतील अनेकांस रुचला नाहीं, तथापि तो सर्वांनीं मानला आणि वाद मिटला. उलट बेळगांवच्या मतदारास असा प्रश्न कधीं विचारलाच नाहीं. तेथें महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल झाला, २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दावा गेला, तरी जखम भरली नाहीं. लोकांस विचारल्यानें प्रश्न चिघळतात, कीं न विचारल्यानें?

बहुमताच्या जोरावर अल्पसंख्याकांचे हक्क बुडतील, ही भीति मात्र रास्त आहे. म्हणूनच जनमत संसदेच्या जागीं नको, संसदेच्या मंजुरीनंतर हवें. आणि घटनेच्या मूलभूत चौकटीस धक्का लावतां येणार नाहीं, हा १९७३ चा केशवानंद भारती खटल्यांतील निर्णय तसाच अबाधित राहावा.

न विचारतां मिळालेला हक्क न विचारतां जातो, याचा अनुभव नाशिककरांनीं घेतला आहे. १ जून १९९३ पासून अमलांत आलेल्या ७४ व्या दुरुस्तीनें महापालिकेची मुदत पांच वर्षें ठरविली व ती संपण्यापूर्वीं निवडणूक घेणें बंधनकारक केलें. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली आणि मतदान झालें १५ जानेवारी २०२६ रोजीं! आरक्षणाचा वाद व प्रभागरचनेंतील फेरबदल हीं कारणें होतीं खरीं. परंतु जवळजवळ चार वर्षें आम्ही घरपट्टी भरली ती प्रशासकाच्या कारभारासाठीं. इतकें होऊनहि गांवांत फारशी खळबळ उडाली नाहीं. जें कलम कधीं आपल्यापुढें आलें नाहीं, त्याचा भंग झाला हें लोकांस उमगावें तरी कसें?

आतां मुदतीचाच प्रश्न पुन्हां उपस्थित झाला आहे. १७ डिसेंबर १९२४ नव्हे, १७ डिसेंबर २०२४ रोजीं, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, १२९ व्या घटनादुरुस्तीचें विधेयक लोकसभेंत मांडलें गेलें व पुढें संयुक्त समितीकडे सोंपविण्यांत आलें. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घ्याव्या, आणि विधानसभा मध्येंच विसर्जित झाल्यास नवी केवळ उरलेल्या काळापुरती निवडावी, अशी त्यांतील योजना आहे. यानें खर्च वांचेल, असें पुरस्कर्ते म्हणतात. वांचोहि, परंतु ज्या मताचें आयुष्य पांच वर्षें होतें तें प्रसंगीं दोनच वर्षांचें होईल, त्या मताच्या धन्यास विचारावयास नको काय?

मताधिकार व सभागृहांची मुदत यांस हात घालणारी प्रत्येक दुरुस्ती मतदारांच्या कौलाविना अमलांत येऊं नये, अशी तरतूद ३६८ व्या कलमांत व्हावी, हें आमचें स्पष्ट मत आहे. ती होईपर्यंत निदान अशा विधेयकाचा मराठी मसुदा प्रत्येक ग्रामसभेंत व प्रभागांत वाचला जावा, आणि खासदारांनीं दिल्लीस मत देण्यापूर्वीं आपल्या मतदारसंघांत जाहीर सभा घेऊन लोकांचें म्हणणें ऐकावें. मालकानें वही मागितली तर प्रामाणिक मुनिमास राग येण्याचें कारण नाहीं.