बैलाच्या कष्टांचे न खाण्याचा दिवस

श्रावण जवळ आला की मराठीत एका विशिष्ट प्रकारच्या लेखनाला पालवी फुटते. टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली अशी भाज्यांची नावे स्तोत्रासारखी ओळीने येतात. त्यांच्यामागून परसातले अळू येते, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी येते, चैत्रातले पन्हे आणि कैरीची डाळ येते, आणि शेवटी हमखास आजी येते. समारोप बहुधा एका सुस्काऱ्याने होतो: किती साधे होते ते जगणे!

या लेखनावर माझा आक्षेप आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोसमातले मोसमात खावे, चार कुंड्यांत का होईना काही पिकवावे, घरातल्या सर्वांनी निदान एकदा तरी एकत्र बसून जेवावे, हे मला नुसते मान्य नाही, प्रियही आहे. पावसाळ्यातल्या पहिल्या अळूच्या फदफद्यासाठी मी चार कामे पुढे ढकलतो. तेव्हा आक्षेप चवीला नाही. आक्षेप 'साधे' या विशेषणाला आहे.

असे लेख एकदा केवळ व्याकरणाच्या अंगाने वाचून पाहावेत. भाजी शिजे, पापड वाळत, लोणचे मुरे, अंगण सारवले जाई. क्रिया भरपूर आहेत, कर्ता सापडत नाही. जणू गहू आपणहून भिजत आणि चीक आपणहून गाळला जाई. कर्त्यासह येणारे ठसठशीत क्रियापद एकच असते: आम्ही जेवत असू. आजीचा उल्लेख असतो, पण तो षष्ठीत. आजीच्या हातची चव, आजीचा मसाला, आजीचा पदर. प्रथमा विभक्तीत ती क्वचितच येते. ज्या गद्यात कर्ता गाळला जातो त्या गद्यात कष्टही गाळले जातात, आणि मग जे उरते ते अर्थातच साधे दिसते.

ऋषिपंचमीच्या भाजीचे उदाहरण घेऊ, कारण अलीकडे तिचे कौतुक फार वाढले आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टांचे खायचे नाही असा संकेत आहे. नांगरटीचे धान्य वर्ज्य. परसात, कुंपणावर, हाताने खणून लावलेले तेवढे चालते. अळू, लाल माठ, भोपळा, दोडका, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस, तिखटाला हिरवी मिरची, आंबटाला चिंच, वर ओले खोबरे. घरोघरी यादी थोडी बदलते. ही भाजी उत्तम लागते यात वाद नाही. स्थानिक, हंगामी, पौष्टिक, ही आजची तिन्ही विशेषणे तिला चपखल बसतात.

मात्र ती ज्या व्रताची भाजी आहे त्याची कहाणी कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. विटाळ न पाळता घरात वावरल्याच्या दोषाने एक स्त्री पुढच्या जन्मी कुत्री होते आणि तिचा नवरा बैल होतो. दोघेही आपल्याच मुलाच्या दारी येतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत साप गरळ टाकतो. ते कुत्री पाहते, आणि जेवणारे मरू नयेत म्हणून खिरीच्या पातेल्याला तोंड लावते. बक्षीस म्हणून ती मार खाते आणि उपाशी राहते. बैलही दिवसभर राबून उपाशीच असतो. रात्री दोघे आपले दुःख एकमेकांना सांगतात, मुलगा ते ऐकतो, आणि आईबापांच्या सुटकेसाठी त्याला हे व्रत सांगितले जाते.

कहाणी नीट ऐकली तर अंगावर येते. स्वयंपाकघरातल्या भांड्यांना शिवल्याबद्दल जिला शिक्षा झाली ती जन्म बदलला तरी स्वयंपाकघराची राखण करतेच आहे. आणि व्रतातून नियम कोणता निघाला? बैलाच्या कष्टांचे एक दिवस खाऊ नये. नियम सुंदरच आहे. जनावराच्या मानेवरच्या जुवाची वर्षातून एकदा आठवण ठेवणारी संस्कृती अगदीच निबर म्हणता येणार नाही. पण त्याच दिवशी भल्या पहाटे उठून वीसेक भाज्या निवडणारी, सोलणारी, चिरणारी बाई मात्र नियमाच्या बाहेर राहिली. तिच्या कष्टांचे न खाण्याचा एकही दिवस आपल्या पंचांगात नाही. उलट त्या दिवशी ती उपास करते आणि दोषमुक्त होते.

हे मी ग्रंथांतून शिकलो असे नाही. वाईजवळच्या आमच्या घरी मागे परस आहे. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे अळू, कुंपणाला पडवळ, कोपऱ्यात कढीलिंब आणि लिंबू. उन्हाळ्यात आई कुरडया करायची. गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे, मग वाटून, पिळून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, आणि चौथ्या दिवशी उजाडण्यापूर्वी मोठ्या पातेल्यात घेरायचा. चीक घट्ट होऊ लागला की चाटू दोन्ही हातांनीही फिरत नाही. मग ऊन चढण्याच्या आत गच्चीवर सोऱ्याने कुरडया घालायच्या. आम्ही मुले वाटीत गरम चीक घेऊन तूप-साखर घालून खात असू. माझ्या आठवणीतही क्रियापद तेच आहे, खात असू.

एका चैत्रात आई परसातच घसरून पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. त्या वर्षी आमच्या घरी उन्हाळा आला नाही. ऊन होते, आंबे बाजारात होते, गहू डब्यात होता. पण कुरडया झाल्या नाहीत, सांडगे झाले नाहीत, मसाला झाला नाही, आणि पावसाळ्यात अळू माजून नुसते उभे राहिले. ज्याला आम्ही निसर्गाचे चक्र समजत होतो ते एका मनगटावर फिरत होते. घरात आम्ही तीन धडधाकट पुरुष होतो. त्यांतला एकही, मी धरून, म्हणाला नाही की गहू मी भिजवतो. आम्ही एवढेच म्हणालो की यंदा मजा नाही आली.

यावर दोन बाजूंनी उत्तरे येतात. पहिले परंपरावाद्यांचे: तिला त्यात आनंद होता, तुम्ही कशाला त्याला कष्ट म्हणता? आनंद होता हे खरेच आहे. हातात कसब असलेल्या माणसाला कामात आनंद होतोच. गवयाला होतो, सुताराला होतो. पण गवई आजारी पडला तर मैफल रद्द होते, आणि त्याचे गाणे हे काम आहे हे कोणी नाकारत नाही. ज्या आनंदातून रजा घेता येत नाही, त्याला आनंद म्हणण्याचा अधिकार निदान खाणाऱ्याकडे नसावा. शिवाय जुन्या काळात पुरुष शेतात राबत आणि बाया घरात, ही वाटणीही आपण सोयीने सांगतो. खुरपणी, लावणी, मळणी बायकाही करत, आणि नंतर चूल होतीच. आज तर शेतही सुटले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, आणि जे पुरुष असे काम करत तेही ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषाने ती उचलली असे दिसत नाही. त्याचीही नऊ कमीच झाली.

दुसरे उत्तर सुधारकांचे: मग हे सगळे सोडून द्या, विकत आणा. या उत्तरात तथ्य आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभी राहिली. जो पापड घरात माया होता त्याला घराबाहेर पडताच दर मिळाला. कष्टांना किंमत नव्हती असे नव्हे, ती देणारा घरात नव्हता, हे त्या पापडाने सिद्ध केले. तरीही 'विकत आणा' हे पूर्ण उत्तर नव्हे. शेवळांची खाज काकडांच्या रसाने मारायची, अळू चिंचेशिवाय शिजवायचे नाही, कोणते पान वडीचे आणि कोणते भाजीचे, हे ज्ञान आहे, आणि ते बाजारातून आणता येत नाही. ते नष्ट झाले तर नुकसान सर्वांचे. शिवाय ओझे विकत देऊन टाकले की ते बहुधा दुसऱ्या बाईच्याच खांद्यावर जाते. ती आपल्या घरी पोळ्या लाटून गेल्यावर स्वतःच्या घरची चूल पेटवते, आणि तिची आठवण आपल्याला बेंदराला बैलाची येते तेवढीही येत नाही.

खरा प्रश्न ज्ञान टिकवायचे की नाही हा नसून ते कोणाच्या हातांत टिकवायचे हा आहे. 'हातची चव' नावाच्या गूढवादाने या प्रश्नाला आजवर चुकवले. ती आजीच्याच हाताला असते, आपल्याला जमायची नाही, असे म्हटले की नम्रताही दिसते आणि कामही टळते. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिले तेव्हा वाटी आणि चमचा ही मापे देऊन हा गूढवाद मोडलाच होता. वाटीने मोजता येते ते कोणालाही शिकता येते, पुरुषालाही. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिले आणि 'खमंग'ही लिहिले. झाडाकडे आणि पातेल्याकडे एकाच बुद्धीने पाहता येते. आम्ही त्यांतले ऋतू उचलले आणि पातेले घासायला ठेवून दिले.

म्हणून माझी मागणी लहान आहे. वर्षातून एक दिवस बाईला सुट्टी द्या असे मी म्हणत नाही. बेंदराला बैलालाही सुट्टी मिळते, शिंगे रंगवली जातात, गोड घास मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी जू मानेवर येतेच. मागणी एवढीच की ज्याने ऋतूंच्या स्वयंपाकाची थोरवी गायची त्याने त्या ऋतूतले निदान एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करावे, भांडी घासण्यासकट. मग जगणे साधे होते की नाही ते त्याने खुशाल लिहावे.

मनगट मोडले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी अळूवड्या करायला घेतल्या. पाने कापली, शिरा लाटण्याने चेचल्या, हात कोपरापर्यंत खाजले. सकाळी सुरुवात केली, जेवायला दुपारचे तीन वाजले. आईने एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "चिंच कमी पडली, घशाला लागतंय." मी विचारले, चिंच किती घालायची? ती म्हणाली, "मी कधी मोजली नाही. पण उद्या परत कर, मी शेजारी बसून सांगते." दुसऱ्या दिवशी ती पाटावर बसली, मी चिंचेचा कोळ काढला, आणि आम्ही तो वाटीने मोजला.