दुकान मोबाइलवर, गिऱ्हाईक दारातच!

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’च्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे गदारोळ उडाला. उडणारच! २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय. टीका झाल्यावर कंपनीनं या चपलांमागची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं.

पण मैत्रिणींनो, खरा प्रश्न पुढेच आहे. बातमी वाचून नागपूरची एखादी बाई मोबाइलवर कोल्हापुरी शोधायला लागली, तर ती आपल्या छोट्या कारागिराकडून चप्पल घेईल, की अर्ध्यातूनच निघून जाईल? या चपलांच्या वेण्या विणणारे हात बरेचदा बायकांचे असतात. म्हणून हा प्रश्न आपलाही.

गाडी अडते ती आधी मापावर. ‘सात नंबर’ म्हणजे नेमका केवढा? मोबाइलवर काही चप्पल घालून बघता येत नाही. मग सरळ सांगा ना, कागदावर पाय ठेवा, पेन्सिलीनं रेघ मारा आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजा. सोबत फोटो द्या. नवी चप्पल सुरुवातीला चावते, पावसात भिजवू नये, हेही लिहा. खरं सांगितलं की परत येणारा माल कमी होतो.

दुसरी अडचण पैशांची. आधी आठशे रुपये दाखवायचे आणि शेवटी कुरिअरचे शंभर वाढवायचे, ही गिऱ्हाइकाला फसवणूकच वाटते. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही अशी दडवलेली किंमत आणि न विचारता खरेदीत घातलेली वस्तू गैर ठरवली आहे. एकूण रक्कम आधीच सांगा. खातं उघडा, पासवर्ड ठरवा, असली कटकट नको. नाव, पत्ता, फोन आणि यूपीआय, झालं! माल बदलून मिळेल का, किती दिवसांत, हेही स्पष्ट लिहा.

आणि कागदपत्रांची धास्ती? ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवायही ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत आपल्या राज्यात माल विकता येतो. उलाढाल मर्यादेत हवी आणि पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर क्रमांक घ्यावा लागतो, इतकंच.

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला आपण आधी ‘बसा’ म्हणतो. मोबाइलवर आलेलीला तसं म्हणता येत नाही. निदान माप आणि मोल तरी पहिल्याच भेटीत सरळ सांगू या!