जमाखर्च : रोजची एसटी की विद्यापीठाजवळची खोली?

बारावीचा वा पदवीचा निकाल लागतो, प्रवेशाची यादी प्रसिद्ध होते, आणि रात्री दुकान वाढवून सारे घरी जमले की एक प्रश्न हमखास निघतो. विद्यापीठाचे शहर काही परमुलखात नाही. दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. मग मुलाने वा मुलीने रोज घरून ये-जा करावी, की विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहावे? परदेशी किंवा दूरच्या शहरी जाणाऱ्या मुलाबाबत हा पेच पडत नाही. तेथे राहण्यावाचून गत्यंतरच नसते. पेच पडतो तो मधल्या अंतराचा. चाळीस किलोमीटर म्हटले तर जवळ, म्हटले तर दूर. अशा वेळी निर्णय बहुधा एका वाक्यात होतो : ‘घर असताना भाडं कशाला भरायचं?’ वाक्य बिनतोड वाटते. परंतु दुकानातील प्रत्येक नगाचा पडता भाव काढणारे घर या एका बाबतीत हिशेब न मांडताच निकाल देते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल जयसिंगपूरचे एक घर डोळ्यांसमोर आणावे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने वसवलेली ही बाजारपेठ कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. बाजारात किराणा-भुसाराचे दुकान, घरात आई-वडील, आजी, पुण्यात सी.ए.च्या अभ्यासासाठी राहणारा थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलीला शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. वडील म्हणतात, रेल्वे आहे, एसटी आहे, रोज शेकडो मुले जातात. आजी म्हणते, दोन वर्षांनी पोर परक्या घरी जायची, तोवर डोळ्यांसमोर राहू दे. आई काही बोलत नाही. मुलगी म्हणते, प्रात्यक्षिक साडेपाचला संपते, घरी यायला साडेसात वाजतात, मग मी वाचायचे कधी?

या चौघांत चुकीचे कोणीच बोलत नाही. म्हणूनच वही उघडणे इष्ट.

वेळेचे खाते

घरापासून बसस्थानक, तेथून एसटीने कोल्हापूर, पुढे केएमटीने विद्यापीठ, असा प्रवास धरला तर एका वाटेला पावणेदोन तास सहज लागतात. येऊन-जाऊन साडेतीन तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे २१ तास. दोन सत्रांत अध्यापनाचे मिळून ३० आठवडे धरले तर वर्षाला ६३० तास होतात. बसमध्ये वाचता येते असे म्हणणाऱ्याने सकाळच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून पाहावा.

खोली घेतली म्हणून हे सारे तास हाती येतात असेही नाही. कपडे, झाडलोट, पाणी भरणे, डब्याची व्यवस्था आणि अधूनमधून घरी फेरी या कामांना रोजचा एक तास धरावा. वर्षाचे असे १८० तास वजा जाता ४५० तास खरोखर वाचतात.

पैशाचे खाते

प्रत्येक गावचे दर वेगळे असतात. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. दोघींनी घेतलेल्या खोलीतील एकीचा वाटा महिना ३,५०० रुपये. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, म्हणून सुट्टीतही भाडे चुकत नाही : ३८,५०० रुपये. खानावळ ३,००० आणि वीज, इंटरनेट, किरकोळ मिळून १,५००, असे ९ महिन्यांचे ४०,५०० रुपये. घरी येण्याजाण्याचे ९,०००. एकूण ८८,००० रुपये. अनामत रक्कम परत मिळणारी असल्याने ती खर्चात धरू नये, मात्र ती अडकून राहते याचे भान असावे.

आता घरची बाजू. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एसटी ६६.६७ टक्के सवलत देते. पास आणि शहर बस मिळून महिना २,१०० आणि बाहेरचे खाणे-चहा १,२०० धरला तर ९ महिन्यांचे २९,७०० रुपये. घरचे जेवण फुकट असते हा समज मात्र सोडावा. त्याच स्वयंपाकघरात शिजत असले तरी एका माणसाचा शिधा महिना २,००० रुपयांचा धरला तर १८,००० होतात. एकूण ४७,७०० रुपये.

फरक उरतो ४०,३०० रुपयांचा. वाचलेल्या ४५० तासांनी त्याला भागले तर एका तासाची किंमत येते सुमारे ९० रुपये. आता प्रश्न नीट मांडता येतो. मुलीच्या अभ्यासाचा एक तास ९० रुपयांना घ्यावा का? कोणी म्हणेल, अवश्य. एखाद्या घराची ऐपत तेवढी नसेल, आणि तसे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. मात्र तो तास अभ्यासाला, प्रयोगशाळेला, ग्रंथालयाला लागणार असेल तरच ही खरेदी आहे. तो मोबाईलवर जाणार असेल तर खोली महाग आणि एसटी स्वस्त. हे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः द्यावयाचे असते, आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे.

वहीत न लिहिलेल्या नोंदी

काही नोंदी पैशात मांडता येत नाहीत. या घरातील मुलगी दोन वर्षांपासून दुकानाची बिले संगणकावर चढवते, जीएसटीच्या विवरणपत्रांची तयारी करते. ती कोल्हापुरात राहिली तर हे काम कोण करणार? वडिलांनी हा प्रश्न उच्चारलेला नाही, पण ‘भाडं कशाला’ या वाक्यामागे तो उभा असतो. व्यापारी घरातील मुले दुकानात हातभार लावतात यात गैर काही नाही. धंदा असाच पिढ्यान्‌पिढ्या शिकला जातो. तथापि साडेतीन तासांच्या प्रवासानंतर दीड तास गल्ल्याजवळ किंवा संगणकासमोर गेला तर अभ्यासाला उरते काय? कामासाठी अर्धवेळ माणूस ठेवावयाचा तर त्याला पगार द्यावा लागेल. तो पगार आज मुलगी वाचवते आहे. म्हणजे घरी राहणारे मूल घरावर केवळ खर्च घालत नाही, घराला कमावूनही देते. निदान ही जमा तिच्या नावे लिहिली जावी.

दुसरी नोंद थोरल्या भावाची. तो पुण्याला गेला तेव्हा असा खल झाला नव्हता. पुणे दूर आहे हे खरे. परंतु मुलीच्या बाबतीत अंतराबरोबर काळजीही मोजली जाते. काळजी खोटी नसते. मात्र रोज अंधार पडल्यावर बसस्थानकावर उभे राहणे आणि विद्यापीठापासून दहा मिनिटांच्या अंतरावर मैत्रिणींसह राहणे, यांत अधिक सुरक्षित काय, हा विचार काळजीनेच करावयास हवा. राज्यात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळते. त्याने प्रवास स्वस्त झाला. अंतर तेवढेच राहिले.

तिसरी नोंद आहाराची. घरी राहिले म्हणजे नियम पाळले जातात, बाहेर गेले की सुटतात, असे सरसकट मानले जाते. डिसेंबरात कोल्हापूरकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. जूनअखेर तो सातनंतर होतो. साडेपाचला प्रयोगशाळेतून निघालेली मुलगी हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचूच शकत नाही. ती उपाशी झोपेल किंवा नियम सोडेल किंवा वाटेत मिळेल ते खाईल. जवळ राहणारी मुलगी मात्र सहाच्या आत ताटावर बसू शकते, जर कंदमुळांशिवाय आणि वेळेवर जेवण देणारी सोय आधी शोधली असेल तर. ही सोय खोली ठरवण्यापूर्वी पाहावी, नंतर नव्हे. दोघी-तिघी समविचारी मुली एकत्र राहून स्वयंपाक करणार असतील तर घरमालकाची गॅस वापरण्यास संमती आहे का, तेही विचारावे.

चौथी नोंद पावसाची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. असे पूर दरवर्षी येत नाहीत, पण बहुतेक अभ्यासक्रमांत ७५ टक्के उपस्थितीची अट असते आणि पावसाळा सत्राच्या ऐन मध्यावर येतो.

घराबाहेर राहून शिकण्याची परंपरा

शिक्षणासाठी घराबाहेर राहणे ही समाजाला नवी गोष्ट नाही. कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ मध्ये सुरू झाले. शाहू महाराजांच्या काळात या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. दुकानदार आणि शेतकरी घरांतील मुले शहरात येऊन शिकावीत, आणि राहण्या-जेवण्याच्या खर्चामुळे कोणाचे शिक्षण थांबू नये, हा त्यामागील हेतू होता.

कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. शिस्तीच्या प्रश्नावरून त्यांना ते सोडावे लागले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. पुढे त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. शाळेइतकेच वसतिगृहही शिकवते, ही त्यांची धारणा त्यांच्या सबंध कार्यातून दिसते. म्हणून खोलीचा विचार करण्याआधी विद्यापीठाचे वसतिगृह आणि समाजाची बोर्डिंग या दोन दारांवर अर्ज करावा. खर्च कमी, जेवणाची चिंता कमी आणि सोबत अभ्यास करणारी मुले. अर्जांच्या मुदती प्रवेशाबरोबरच संपतात, म्हणून निकालाची वाट पाहत बसू नये.

खोली घ्यावयाचीच झाली तर

तोंडी व्यवहारावर खोली घेऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी झालेली नसेल आणि वाद उद्‌भवला तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे मानले जाते. करारात अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळेल, मध्येच खोली सोडल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची, वीजबिल कोणाच्या मीटरवर, हे स्पष्ट लिहून घ्यावे. भाडे आणि अनामत बँकेतूनच द्यावी. आत जाण्याच्या दिवशी भिंती, नळ, पंखे यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. अनामत परत घेताना ती उपयोगी पडतात.

खासगी वसतिगृहात राहावयाचे असेल तर एक सवलत ठाऊक असावी. जुलै २०२४ पासून, दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासावर जीएसटी लागत नाही. शिक्षणकर्ज घेतले असेल तर वसतिगृहाचा खर्च त्यात धरता येतो. खासगी खोलीबाबत मात्र कर्ज मंजूर होण्यापूर्वीच शाखेत विचारून घ्यावे. शिक्षणकर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. खोलीच्या भाड्यावर पालकांना अशी कोणतीही वजावट नाही.

मधला मार्ग

दोनच पर्याय आहेत असे समजण्याचे कारण नाही. पहिले सत्र घरून करावे, वेळापत्रक आणि सोबतीण नीट पाहावी, आणि दुसऱ्या सत्रापासून खोली घ्यावी. सोमवार ते शुक्रवार कोल्हापुरात आणि शनिवार-रविवार घरी राहून दुकानाचे आठवड्याचे हिशेब करावेत, अशी वाटणीही होऊ शकते. अभ्यासक्रम वर्गात बसण्याचा असेल आणि तासिका सकाळीच संपत असतील तर घरून जाणेच शहाणपणाचे. प्रयोगशाळा, संशोधन वा स्पर्धा परीक्षेची तयारी असेल तर जवळ राहण्याचे पारडे जड होते. आजारी आजी-आजोबांची सेवा, घरची ओढग्रस्ती, मुलाचा एकलकोंडा स्वभाव ही कारणेही तितकीच खरी आहेत. त्यांना हिशेबात जागा द्यावी, पण ती उघड बोलून द्यावी.

जयसिंगपूरच्या त्या घरी वही मांडून बसले तर कदाचित असे ठरेल : दिवाळीपर्यंत मुलीने ये-जा करावी, त्या काळात दुकानाच्या बिलांचे काम दुसऱ्याने शिकून घ्यावे, आणि विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी अर्ज आजच भरावा. दिवाळीला वहीपूजन झाले की पुन्हा सर्वांनी बसावे. प्रवासात किती तास गेले, परीक्षेत काय हाती आले, प्रकृती कशी राहिली, जेवण वेळेवर झाले का, हे पाहून पुढील सत्राचा निर्णय घ्यावा. त्या बैठकीत आईलाही तिचे मत विचारले जावे; पहाटे पाचला उठून डबा करणारी तीच असते, आणि या खात्यातील तिचे तास अजून कोणी मोजलेले नाहीत.